फाटकातल्या लाकडी नकाशाचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी नकाशा आहे. विद्यापीठाच्या मोठ्या फाटकातून आत आलात की डाव्या हाताला उभा असतो. बरीच वर्षे माझ्यासमोर कोणी थांबत नव्हते. त्याचे मला दुःख होते, पण खोटे कशाला बोलू? दुःखापेक्षा जळफळाटच जास्त होता.

मला दोन शिक्षकांनी मिळून घडवले. एक शिल्पकला शिकवत, दुसरे यंत्रे. "इमारती हाताला लागल्या पाहिजेत, उठावाच्या करू," असे पहिले म्हणत. "करा, पण माप चुकलं तर माझ्याशी गाठ आहे!" असे दुसरे दटावत. भांडत भांडत त्यांनी इमारती उंच ठेवल्या, रस्ते कोरले, तळ्याची खोलगट वाटी केली.

प्रवेशाच्या पहिल्या दिवशी मग माझ्याभोवती झुंबड उडे. "वसतिगृह कुठंय गं?" असे आया विचारत. घामेजलेली बोटे माझ्या रस्त्यांवरून फिरत. हरवलेला प्रत्येक जण आधी माझ्याकडे येई आणि माझी मान ताठ होई.

एके दिवशी माझ्यासमोर ती आली. ती म्हणजे बोलणारी काच, विजेवर चालणारा नवा स्क्रीन! "तुमचं स्वागत आहे," असे मधाळ आवाजात म्हणायची. मुले तिच्यासोबत फोटो काढू लागली. तिला रोज मऊ फडक्याने पुसत. पावसात तिच्यावर आच्छादन घालत आणि माझ्याबद्दल म्हणत, "लाकूडच आहे, चालतंय!" माझ्या ग्रंथालयावर तर कोणीतरी चघळलेला च्युइंगम चिकटवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एकदा वीज गेली आणि ती काळीठिक्कर पडली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता येतील माझ्याकडे! पण मुले तिच्याच समोर वीज येण्याची वाट बघत उभी राहिली. एकानेही मागे वळून पाहिले नाही.

मग यंदाच्या स्वागताच्या दिवशी पांढरी काठी घेतलेली एक मुलगी आली. तिला दिसत नव्हते. सोबत तिची थोरली बहीण होती. दोघी अर्थातच काचेकडे गेल्या. काचेने संगणक विभागाची वाट घडाघडा सांगितली.

"ताई, वाट कळली," मुलगी म्हणाली, "पण ही जागा आहे कशी, ते नाही कळलं."

ती वळली आणि तिची काठी माझ्या खांबावर आपटली.

"जुना नकाशा आहे. हात नको लावूस, धूळ आहे नुसती," बहीण म्हणाली.

तोवर तिची बोटे माझ्यावर टेकलीही होती. "ताई, इथे तळं आहे! आणि ही गोल इमारत... अगं, केवढं मोठं आहे हे सगळं!"

तिने माझा एकही रस्ता सोडला नाही. मी काचेकडे असे काही पाहिले, की विचारता सोय नाही!

पण माझा तोरा टिकला नाही. काही आठवड्यांनी ती मुलगी मैत्रिणींना घेऊन आली. एक विजेचे काम शिकणारी, एक शिल्पकलेची, एक भाषांची.

"त्या स्क्रीनचा आवाज ह्याच्यात बसवू," काठीवाली म्हणाली.

वैरिणीचा आवाज, आणि माझ्या पोटात? मला पाय असते तर मी पळालो असतो! पण त्यांनी माझा च्युइंगम खरवडला, झिजलेले कोपरे नीट केले, अंगाला तेल चोळले आणि पाठीत तारा बसवल्या. आता इमारतीवर बोट ठेवले की माझ्यातून तीच मधाळ बोलते, "हे ग्रंथालय." शब्द मात्र भाषावालीने नवे लिहून दिले आहेत.

झुंबड पुन्हा उडते आहे. मी सुखी आहे. फक्त कोणी "काय गोड आवाज आहे!" म्हणाले की अजून पोटात दुखते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर काही चिकटवू नका. अधूनमधून माझ्या रस्त्यांवरची धूळ झटका. आणि कौतुक करायचेच झाले, तर आधी लाकडाचे करा. आवाजाचे नंतर केलेत तरी चालेल.