लाल मार्करची सही

ऑफिसात स्टोअरकीपरला सगळे ‘नंबरवाले’ म्हणायचे. नवा कॉम्प्युटर आला की हा बाबा तो उघडणार आणि आतल्या बोर्डावर लाल मार्करने नंबर टाकून खाली बारीक सही ठोकणार. का, तर आतला माल कुणी परस्पर बदलू नये. जुनं सामान मोडीत काढायची वेळ आली तेव्हा कंत्राटदारही त्यानेच शोधला. ‘पर्यावरणाला धक्का न लावता विल्हेवाट’ असा शिक्का मारलेला दाखला दर खेपेला यायचा, आणि तो फायलीला लावताना स्वारीची छाती फुगायची. कारखाना मात्र त्याने डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. दाखला आहे ना, मग झालं तर.

त्या रविवारी तो ताईकडे गेला, ते भाचीसाठी. चार वर्षांची पोर दोन महिने खोकत होती. तीन डॉक्टर झाले तरी गुण येईना. नवरा गेल्यापासून ताईने घरबसल्या कसलंसं काम धरलंय, एवढंच त्याला ठाऊक होतं.

दारातच जळक्या प्लास्टिकचा वास नाकात घुसला. खोली एकच, खिडकी एकच, तीही बंद. ताई गॅससमोर बसली होती आणि तव्यावर हिरवा बोर्ड तापत होता. शिसं वितळलं की ती चिमट्याने एकेक चिप उचलून डब्यात टाकायची. शेजारी मांडी घालून बसलेली भाची त्या चिपा निवडत होती आणि मधूनमधून खोकत होती.

“अगं, तव्यावर काय हे?”

“स्वयंपाकाचा तवा वेगळा आहे रे. मी काय एवढी वेडी आहे?”

त्याने कोपऱ्यातल्या गोणीत हात घातला. पहिल्याच बोर्डावर लाल नंबर, खाली सही. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. आपलंच अक्षर त्याला ओळखवत नव्हतं. मग त्याने गॅस बंद केला, भाचीला कडेवर घेतलं आणि खिडकी सताड उघडली.

“ताई, हा माल माझ्या ऑफिसचा आहे. मीच पाठवतो.”

ताईने घाम पुसला. तिचा चेहरा एकदम खुलला.

“काय सांगतोस. मग आधी नाही का बोलायचं? दर आठवड्याला गोण्या टाकणाऱ्या त्या माणसाच्या हातापाया पडते मी, आणखी एक गोणी टाक म्हणून. आता तूच सांग त्याला, माझ्या बहिणीला जास्त माल दे म्हणावं.”