हार घातलेला फोटो

आधीच सांगतो, मी जिवंत आहे. सुधीर माझं नाव, पन्नाशी गाठलेली, द्रोणागिरीत एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरी, थोडी शुगर. मध्यंतरी सासुरवाडीच्या लग्नात दाबून जिलब्या खाल्ल्या म्हणून बायकोच्या शिव्याही खाल्ल्या. मेलेल्या माणसाला कोण शिव्या घालतं?

सुरुवात माझ्या पोरीपासून झाली. क्षिप्रा फार्मसीला आहे, पण जीव सगळा पियानोत. टीव्हीवर 'काळी पांढरी' नावाची हौशी पियानोवादकांची स्पर्धा आली आणि कार्टी त्यात निवडली गेली! आमच्या खानदानात कुणी शिट्टीसुद्धा सुरात वाजवलेली नाही. मी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले.

मग चॅनेलची मनस्वी घरी आली. प्रत्येक स्पर्धकाच्या घरची एक छोटी फिल्म दाखवतात, ती करायला. तिने घर बघितलं, चहा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काका, सगळं छानच आहे हो. पण स्टोरी नाही. एका मुलाचं घर पुरात गेलंय, एकीची आई धुणीभांडी करते. तुमच्याकडे काहीच नाही?"

"मला डायबेटीस आहे," मी म्हणालो.

"तो सगळ्यांनाच असतो. स्टोरी नसली की लोक व्होट देत नाहीत, मग पहिल्याच आठवड्यात घरी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा नसते ना, तर एकदम बसलं असतं."

वैजयंती, म्हणजे माझी बायको, उसळलीच. "ए बाई, तुझ्या जिभेला काही हाड आहे का?"

मी मात्र हसलो. पोरीचा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता. म्हटलं, टीव्हीत रोज माणसं मरतात आणि लगेच दुसऱ्या सिरियलीत कामाला लागतात, एका फोटोने काय होतंय! फोटो मीच निवडला, खिळा मीच ठोकला. चंदनाचा हार आणायला उरणच्या बाजारातही मीच गेलो. दुकानदाराने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, "मीच." तो हसला नाही.

शूटिंगच्या वेळी वैजयंतीला टिकली आणि मंगळसूत्र काढायला लावलं. ती बेडरूममध्ये जाऊन दोन्ही काढून आली आणि माझ्याकडे न बघता सोफ्यावर बसली. क्षिप्राने फोटोपुढे उदबत्ती लावली, हात जोडले. मी फ्रेममध्ये येऊ नये म्हणून किचनच्या दाराआड उभा होतो. तेवढ्यात छातीतून गार वारा आरपार गेला. म्हटलं, एसीचा असेल. आमच्या घरात एसी नाही, हे नंतर लक्षात आलं.

एपिसोड लागला आणि महाराष्ट्र रडला. व्होटही धो धो पडले. फोन सुरू झाले. सांगलीहून माझा चुलतभाऊ विश्वजित वैजयंतीला म्हणाला, "वहिनी, एवढं झालं आणि कळवलंही नाहीत?" मी फोन हिसकावून ओरडलो, "अरे गाढवा, मी बोलतोय!"

"हॅलो? हॅलो?" तो म्हणाला. "वहिनी, आवाज येत नाहीये."

ऑफिसात हजेरीचं मशीन माझा अंगठा घेईना. पुसला, घासला, शेवटी चक्क साबणाने धुतला, तरी नाही. सोसायटीची माणसं पांढरे कपडे घालून भेटायला आली. मी समोर बसून म्हणालो, "अहो, हा काय मी!" एकदोघं ओशाळं हसले. नंतर जे आले ते हसलेही नाहीत, थेट माझ्या मांडीवर बसायला लागले. मी भडकलो, शिव्या घातल्या, टीपॉय आपटला. कुणीतरी उठून खिडकी लावून घेतली.

हार काढून मी मोरा बंदराच्या धक्क्यावरून पाण्यात भिरकावला. फोटोही काढून फाडला. काडीचा फरक पडला नाही. एव्हाना तो घराघरांत लोकांनी पाहिला होता.

सगळ्यात वाईट वैजयंतीचं. ती टिकली लावायची विसरायला लागली. "अगं, टिकली," असं म्हटलं की दचकून इकडेतिकडे बघायची. मग चहा एकच कप व्हायला लागला. एकदा माझा शर्ट छातीशी धरून ती ढसाढसा रडली. मी तिच्या पुढ्यात उभा होतो! "बये, इथे आहे ना मी," म्हणून मीही रडलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

उरली एकटी क्षिप्रा. तिला मी दिसत होतो, ऐकूही येत होतो. ती म्हणाली, "बाबा, फायनल लाइव्ह आहे. मी सगळ्यांसमोर सांगते की माझे बाबा आहेत." खोटं बाहेर फुटलं तर ती स्पर्धेतून बाद, हे मनस्वीने बजावून ठेवलं होतं. "बाद तर बाद," पोरगी म्हणाली. मी 'नको' म्हणायला हवं होतं, पण तोंडातून निघेना. मला जगायचं होतं, उगाच मोठेपणा कशाला सांगू?

फायनल जासईजवळच्या एका गोदामात होती, त्याचाच स्टुडिओ केलेला. मला दारात कुणी पास विचारला नाही. पहिल्या रांगेत वैजयंतीशेजारी जाऊन बसलो. क्षिप्रा स्टेजवर आली तशी सूत्रसंचालकाने आवाज जड केला. "क्षिप्रा, आज बाबा असते तर?"

तिने माझ्याकडे बघितलं. "खरं सांगायचं तर..." म्हणाली आणि थांबली. सांग गं बाई, सांगून टाक, माझा सगळा जीव कानांत गोळा झाला होता.

आणि माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून घरी ती हेडफोन लावून कीबोर्ड वाजवायची. वर्षानुवर्षं मी फक्त पट्ट्यांची टकटक ऐकली होती. समोर बसून तिचा खरा पियानो एकदाही ऐकला नव्हता. आता ती बोलली असती तर तिला पियानोला हातही लावू न देता खाली उतरवलं असतं, आणि उद्या हेच लोक तिला खोटारडी म्हणाले असते. मी हळूच मान हलवली. नको.

तिचे डोळे भरले. मी पुन्हा मान हलवली, या वेळी बाप दटावतो तशी.

"बाबा असते," ती माइकमध्ये म्हणाली, "तर पहिल्या रांगेत बसले असते."

मग ती वाजवायला बसली. मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही, पण अंगावर सर्रकन काटा आला. बापरे, हे सगळं त्या टकटकीत होतं होय! मी रडत होतो, टाळ्या वाजवत होतो, आणि माझ्या टाळ्यांचा आवाज मलाच येत नव्हता. संपल्यावर तिने पहिल्या रांगेकडे बघितलं. आईकडे बघितलं, माझ्या खुर्चीकडे बघितलं, मग घाबरून मागच्या रांगा शोधायला लागली. मी हात वर केला, "क्षिपू!" म्हणून ओरडलो. तिची नजर माझ्यावरून पुढे गेली.

ती जिंकली. चॅनेलच्या गाडीने घरी निघालो. ड्रायव्हरशेजारी मनस्वी, मागे एका खिडकीशी वैजयंती, दुसऱ्या खिडकीशी क्षिप्रा, मधे मी. दोघींची रडून रडून तोंडं सुजली होती.

"आई, ही ट्रॉफी कुठे ठेवू? जड आहे गं."

"ठेव ना इथे मधे," वैजयंती म्हणाली. "जागा आहे की."

क्षिप्राने ट्रॉफी माझ्या मांडीवर ठेवली. रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर होते, ड्रायव्हर सारखा ब्रेक मारत होता. पडू नये म्हणून घर येईपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून बसलो.