वर आलेली कड

अणुसंमीलनाच्या भट्टीत शिरून लाद्या तपासणं, हे तिचं काम. आत प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त वायू, पेटायचा, चुंबक त्याला भिंतींपासून अधांतरी धरायचे. पण उष्णतेला कुठून तरी बाहेर पडावंच लागतं. ती उतरायची तळाच्या टंगस्टनच्या लाद्यांवर. लाद्यांखालच्या नळ्यांतून पाणी खेळायचं.

त्या सोमवारी एक लादी बोटाला लागली. मोजून पाहिलं, तर शेजारच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर वर. तिने तक्त्यावर शेरा लिहिला, ‘बदलल्याशिवाय भट्टी चालवू नये,’ आणि तक्ता स्वतः नेऊन प्रमुखांच्या हातात दिला. प्रमुख म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

ते हसले. “अगं, अर्धा मिलिमीटर! नखाएवढंसुद्धा नाही. बदलायला दोन महिने जातील, आणि प्रयोग बघायला येणारे पाहुणे आठवड्यावर आलेत.”

“भाऊजी, उष्णता तिथे आडवी घासत येते. वर आलेली कड सगळा मार एकटी खाणार.”

“राईचा पर्वत करू नकोस.”

संध्याकाळी ताईचा फोन आला. “तुझ्या शिक्षणाला कोण धावलं होतं? नोकरी कुणी लावली? एका शेऱ्यापायी ह्यांना चारचौघांत मान खाली घालायला लावणार तू?”

दुसऱ्या दिवशी तिने नवा तक्ता भरला, शेऱ्याची जागा कोरी सोडली आणि सही ठोकली.

पाहुण्यांसमोर प्लाझ्मा ऐंशी सेकंद टिकवायचा होता; या भट्टीत तो एवढा वेळ आजवर टिकला नव्हता. सत्तराव्या सेकंदाला पडद्यावर तळाशी पांढरा ठिपका उमटला.

“बंद करा!” ती ओरडली.

भाऊजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. ऐंशी भरले, टाळ्यांचा कडकडाट झाला. तो विरायच्या आत गळतीचा भोंगा वाजला. लादी वितळून खालची नळी फुटली होती. भट्टी दीड वर्ष बंद.

चौकशीत भाऊजी शांतपणे म्हणाले, “तपासणीत राहून गेलं. माणूस आहे, चुकतं.”

“ही सही तुमची?” अध्यक्षांनी तिला विचारलं.

“हो. पण आधी दुसरा तक्ता होता. त्यावर मी लिहिलं होतं.”

“कुठे आहे तो?”

तिने भाऊजींकडे पाहिलं. ते वहीत काहीतरी लिहीत होते.

तिची बदली तळघरात झाली, मोजपट्ट्या नि काटे तपासायला. ऐंशी सेकंदांचा विक्रम मात्र भाऊजींच्या नावावर लागला.

“तुला काढूनच टाकणार होते,” ताई म्हणाली. “हे मध्ये पडले म्हणून निभावलं. एकदा आभार तरी मान गं त्यांचे.”

तिने फोन केला आणि आभार मानले.