सूर्यापासून शंभर पावलं

रंगाऱ्याने फलकावरच्या 'शंभर'वर ब्रश टेकवला, तेवढ्यात तिने मधे हात घातला. पांढरा रंग तिच्या मनगटावरून ओघळला.

"अहो बाई, साहेबांनीच सांगितलंय," रंगारी म्हणाला. "शंभरचं दोनशे करायचं. माझं काय जातंय?"

"मग साहेबांना बोलवा."

तारांगणाच्या आवारातली ती वाट तिच्या नवऱ्याने आखली होती. फाटकापाशी सूर्याचा पिवळा खांब, पलीकडे पृथ्वीचा निळा. मधलं अंतर म्हणजे एक खगोलीय एकक, पंधरा कोटी किलोमीटर. जुन्या मापांचं त्याला भारी वेड. त्याने फलकावर लिहिलं होतं, 'रोमन सैनिक इथून सूर्याकडे निघाला असता, तर दहा हजार कोटी पावलं चालला असता. या वाटेवरचं एक पाऊल म्हणजे त्याची शंभर कोटी. चला, मोजा शंभर पावलं!' लोक हौसेने मोजायचे आणि दोनशे भरायची. फलक लागला त्याच आठवड्यात तो गेला. आता विचारायचं कुणाला?

लहानपणापासून त्याचा डावा पाय लुळा. उजवा बूट ठक्कन वाजायचा, डावा नुसता मागून घसटत यायचा. तारांगणात सगळे त्याला 'टोल' म्हणत. तोही कमी नव्हता, दारातूनच ओरडायचा, "टोल पडला रे, लागा कामाला!"

वर्ष उलटलं, तरी घरी टोल पडत होताच. पण तो फक्त सासूबाईंना ऐकू यायचा. त्यांना दिसत नव्हतं, वरच्या खोलीत पडून असायच्या. ती तारांगणातल्या कामावरून येऊन वर पोचली, की म्हणायच्या, "आत्ताच वाजला गं जिना. आला होता तो."

तिला भीती नाही वाटायची, मत्सर वाटायचा. संसार माझ्याशी केला, आणि मेल्यावर येतो तो आईकडे! कितीदा तरी ती जिन्यात श्वास रोखून उभी राहिली होती. हूं नाही की चूं नाही. एकदा, फक्त एकदा तिला तो आवाज ऐकायचा होता.

नवे संचालक आले. वयाने लहान, बोलायला मऊ.

"वहिनी, त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण रोज कुणी ना कुणी येऊन सांगतं, हिशेब चुकलाय म्हणून."

"त्यांचा हिशेब चुकायचा नाही. चला, चालून दाखवते."

तो गेल्यापासून तिने त्या वाटेवर पावलं मोजली नव्हती. पिवळ्या खांबाला पाठ लावून ती निघाली, मोठ्याने मोजत. रंगारीही ब्रश घेऊन मागोमाग आला. शंभर म्हणताना तिचा हात निळ्या खांबाला लागला.

"बघा! झाले की नाही शंभर?"

संचालक खांबाकडे बघतच नव्हते. ते तिच्या पायांकडे बघत होते.

"वहिनी, पाय दुखतोय का तुमचा?"

"नाही. का हो?"

"डावा घसटत होता. आणि तुम्ही मोजलात फक्त उजवा." मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा, रोमन पाऊल! उजवा पाय टेकला की एक, परत उजवाच टेकला की दोन. आपल्या दोन पावलांचं त्यांचं एक. आकडा बरोबर आहे, शब्द चुकलाय."

शब्द चुकल्याचं तिच्या नवऱ्याला कळलंही नसेल. त्याचं पाऊल म्हणजे उजव्याचं एक ठक, तेवढंच.

"मी... अशी चालते?" तिने रंगाऱ्याला विचारलं.

रंगाऱ्याने मान खाली घातली. "तुमचे साहेब गेल्यापासून. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

शंभर तसंच राहिलं. 'पावलं'च्या जागी रंगाऱ्याने 'जोडपावलं' लिहिलं, आणि ती घरी निघाली.

संध्याकाळी तिने जिन्याच्या पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला. मग डावा, नीट उचलून. पुन्हा उजवा, पुन्हा डावा.

"कोण आहे?" वरून सासूबाईंचा आवाज आला. "कोण आहे जिन्यात? बोलत का नाही?"

मी आहे, आई. एवढंच तर म्हणायचं होतं.

ती तशीच उलट पावली खाली उतरली. मग डावा पाय सैल सोडला आणि चढायला लागली. ठक. मागून घसटत डावा. ठक.

"आलास होय रे?" सासूबाई म्हणाल्या. "किती उशीर केलास आज."

जिन्याच्या मध्यावर ती कठडा धरून मटकन खाली बसली, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. या वेळी तिलाही ऐकू आलं होतं.