रोज एक नोंद

“अहो, बॅकअप रोज कोण उघडून बघतं?” क्लाउड कंपनीचा माणूस हसत म्हणाला.

“मी बघतो,” आमच्या ऑफिसातले काका म्हणाले.

रक्तदात्यांच्या आमच्या ॲपचा सगळा डेटा काकांच्या ताब्यात होता, मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर. दुपारी तीन वाजले की ते आदल्या दिवशीची कॉपी दुसऱ्या मशीनवर चढवत आणि मनाला येईल ती एक नोंद उघडून बघत. नाव, रक्तगट, फोन. “नुसती ठेवून काय उपयोग? उघडली तर आपली.” नवी असताना मी याला हसले होते.

मग डेटाबेस क्लाउडवर, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर, हलवायचं ठरलं. सांभाळायचं कामही तिकडचीच माणसं करणार. तीन कंपन्यांतली एक मी निवडायची आणि काकांनी सही करायची. माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. आता ती शाळेत जाते. कुठलीही निवडली तरी काकांच्या हातचं काम जाणार, म्हणून मी आठवडाभर चालढकल केली.

शेवटी त्यांनीच विचारलं, “पोरी, घोडं कुठे अडलंय?”

“तुमच्यापाशीच, काका.”

“माझं सोड. बारा वर्षांत तुझ्या काकूला सलग दोन दिवस कुठे नेलं नाही. म्हणते, तुमची खरी बायको त्या मागच्या खोलीत. माझ्यानंतर हे तुझ्याच गळ्यात पडेल. मग लेकीला कोण बघणार?”

दोन कंपन्यांवर त्यांनीच काट मारली. तिसरीकडे आपली कॉपी हवी तेव्हा उघडता येत होती, आणि सोडायचं झालं तर सगळा डेटा घेऊन निघता येत होतं. सही त्यांनी नेहमीसारखीच केली, सावकाश, सुबक.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी डेटा हलवला. नव्या जागेतले नोंदींचे आकडे मी वाचले, जुन्यातले त्यांनी. जुळले. काकांनी सर्व्हर बंद केला. आतले पंखे फिरत फिरत थांबले. त्या घरघरीमुळे त्या खोलीत सगळे कायम ओरडूनच बोलत.

“चहा घेणार का?” काका ओरडले.

“घेते की!” मीही ओरडले.

आमचे आवाज भिंतींवर आपटले. काका ओशाळून हसले. मग अगदी हळू म्हणाले, “आता एवढ्या मोठ्याने कशाला, नाही?”