सात दिवस उपाशी

सिंकखालच्या कपाटातून आईने साबण, ब्लीच, पुसायची फडकी सगळं हद्दपार केलं होतं. त्या जागी आता प्लास्टिकचे दोन डबे होते आणि डब्यांत लेकीचे चपटकृमी. लेक सहा महिन्यांसाठी परदेशातल्या प्रयोगशाळेत गेली, नेमकी तेव्हाच इथल्या प्रयोगशाळेची डागडुजी निघाली, म्हणून ते आईच्या गळ्यात पडले.

"घरात किडे पाळायचे दिवस आले का आता?" आईने नाक मुरडलं.

"किडे नाहीत गं, कृमी. चावत नाहीत, ओरडत नाहीत, फक्त अंधार लागतो. आणि नळाचं पाणी अजिबात नको."

आईचं कपडे शिवायचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. चार दिवस तिने कपाटाकडे पाहिलंच नाही. पाचव्या दिवशी झाकण उघडलं आणि हसू आलं. नखाएवढे तपकिरी जीव, त्रिकोणी डोकं आणि त्यावर तिरळे दोन डोळे. आईने त्यांचं नाव चपट्या ठेवलं आणि तिथेच फसली, कारण नाव ठेवलं की माया लागते.

चपट्यांचं तोंड डोक्याला नव्हतं, पोटाच्या मधोमध होतं. कलेजीचा तुकडा टाकला की पोटातून पांढरी नळी काढून ते जेवत. आणि दुसरं दार नसल्यामुळे उरलंसुरलं बाहेर टाकायचं तेही त्याच तोंडाने. ही माहिती आईने गिऱ्हाइकांना कधी सांगितली नाही. पण कापलं तर दोन आठवड्यांत प्रत्येक तुकड्याचा अख्खा जीव होतो, हे मात्र ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. जन्मभर ती कापत आली होती आणि तिने कापलेलं एकही कापड आपणहून सदरा झालं नव्हतं.

लेकीचा फोन रोज सकाळी नऊला यायचा. किती आहेत, पाणी बदललं का, कुणी आपणहून शेपूट तोडली का. दहा मिनिटं, कधी बारा. चपट्या येण्याआधी लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची तेव्हाही पंधरा दिवसांतून एकदा फोन करायची, "बरं चाललंय ना? ठेवते," एवढाच. आता रोज तिचा आवाज कानावर पडत होता. पावणेनऊलाच आई मशीन थांबवून बसे. गिऱ्हाईक दार वाजवून वाजवून थकलं तरी ती उठत नसे.

चौथ्या महिन्यात लेक म्हणाली, "आई, प्रयोगशाळा सुरू झाली. शनिवारी माझी मैत्रीण येऊन त्यांना घेऊन जाईल आणि प्रयोगासाठी कापेल. तोवर सात दिवस त्यांना काही घालू नकोस. पोट भरलेलं असेल तर प्रयोग बिघडतो."

"सात दिवस उपाशी? मरतील गं."

"नाही मरत. भूक लागली की स्वतःलाच थोडं थोडं संपवतात आणि लहान होत जातात. डोळे, डोकं, सगळं त्याच प्रमाणात लहान."

"म्हणजे बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही," आई म्हणाली.

"हो ना! बरं, शनिवारनंतर सुटलीस तू."

फोन ठेवल्यावर आईने एका झग्याला बाही उलटी लावली. सुटलीस म्हणे! त्या एका शब्दाने तिचा दिवस खराब केला.

सहाव्या दिवशी तिने डब्यात कलेजी टाकली. दुसऱ्या दिवशी फोनवर जीभ चावून म्हणाली, "अगं, विसरले की. सवयीने घातलं खायला." लेक वैतागली आणि सात दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे ठरले. आईच्या जिवात जीव आला. पुढच्या खेपेला पुन्हा कलेजी टाकली आणि दिवस मोजायला चुकले म्हणून कॅलेंडरवर ढकललं. लेकीने दोन्ही वेळा विश्वास ठेवला. तिसऱ्या खेपेला मात्र कलेजी घातल्याचं आईने फोनवर सांगितलंच नाही आणि ठरल्या दिवशी मैत्रीण सरळ दारात येऊन उभी राहिली.

मैत्रिणीने डब्यावर भिंग धरलं. चपट्यांच्या अंगात पानांच्या शिरांसारखं फाटे फुटलेलं आतडं लालभडक दिसत होतं.

"काकू, हे तर आत्ताच जेवलेत," ती म्हणाली. तिने फोटो काढला, लेकीला पाठवला आणि हात हलवत परत गेली. आईला कुठे तोंड लपवू असं झालं.

दुसऱ्या दिवशी फोन नऊला नाही, आठलाच आला.

"तीनदा, आई! माझे सर रोज विचारतात, मी काय सांगू त्यांना? माझं पुढचं अख्खं वर्ष त्या डब्यांवर आहे. का केलंस असं?"

आईकडे सबबी तयार होत्या. चष्म्याची होती, विसरभोळेपणाची होती. पण लेकीचा आवाज रडवेला झाला होता आणि तो आपण केला, हे तिला सोसवेना.

"ते गेले की तुझा फोन बंद होईल," ती म्हणाली.

"असं कसं होईल? मी करेन ना फोन."

"आधी करायचीस?"

पलीकडे कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"तू तरी काय बोलतेस माझ्याशी?" शेवटी ती म्हणाली. "चपट्या किती, पाणी किती. स्वतःचं एक अक्षर सांगत नाहीस."

"तू विचारत नाहीस."

"बरं. विचारते. कशी आहेस?"

या प्रश्नाची आईने किती वाट पाहिली होती! मशीनवर बसल्या बसल्या उत्तरं जुळवली होती. दुखणारा गुडघा, रिकामी संध्याकाळ, दोन ताटं काढून एक परत ठेवणं, सगळं. आणि तोंडातून निघालं काय, तर "मी? मी बरी आहे." जो कुणी विचारी त्याला ती हेच सांगत आली होती.

"बरं तर," लेक म्हणाली. हा तिचा फोन ठेवायच्या आधीचा आवाज आई चांगला ओळखत होती. "मग आजपासून सात दिवस त्यांना काही घालू..."

"नाही घालणार. शपथ," आई म्हणाली. "पण मी बरी नाहीये गं. तुझ्यावाचून मला करमत नाही. अजिबात करमत नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसले मी," लेक म्हणाली. "सांग."