दुनळीची पूजा

लग्नाला होकार द्यायला वसुधाला एक कप चहा पुरला होता. बंदूक निवडायला मात्र तिने सात महिने घेतले. श्रीरंग, म्हणजे तिचा नवरा, हे येईल त्याला सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा. हसेना का. तो दिवसभर जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात मोटारींच्या दारांची रबरं तपासायचा आणि संध्याकाळी सोफ्यावर आडवा होऊन क्रिकेट बघायचा. त्याच्या झाडांची साल कुणी खाल्ली नव्हती.

वसुधाच्या झाडांची खाल्ली होती. गावाबाहेरच्या उतारावर तिने सफरचंदाच्या बागेचा एक तुकडा भाड्याने घेतला होता. इकडे त्याला ष्ट्युकले म्हणतात, आणि ज्याच्याकडे तो असतो त्याच्याशी लोक जरा बरं बोलतात. तिने अकरा रोपं लावली. पहिल्याच हिवाळ्यात रानसशांनी त्यातल्या सातांची साल बुंध्याभोवती गोल कुरतडून टाकली, आणि साल गोल गेली की झाड गेलंच. तिने तारेची जाळी लावली, तर ससे खालून उकरून आले. तिने कुत्र्याचे केस टांगले, लसूण पुरला, यूट्यूबवरचा एक उपाय करून बागेत रेडिओ लावला. सशांनी बातम्या ऐकत आठवं झाड खाल्लं.

तेव्हा बांधावर उभा असलेला एक म्हातारा तिला म्हणाला, "रेडिओ बंद कर. निदान मला तरी त्रास नको."

हे हेर बॉयर्ले, म्हणजे बॉयर्लेसाहेब. त्या सगळ्या शिवारात शिकार करायचा हक्क तीस वर्षं त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होता. वय सत्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि ससे वाढतच चाललेले. त्यांनीच तिला शिकारीच्या परवान्याच्या कोर्सचा पत्ता दिला. वसुधा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायची, त्यामुळे जाडजूड नियमांची तिला भीती नव्हती. वर्षभर तिने शनिवार-रविवार तिथे घालवले आणि पहिल्या झटक्यात पास झाली.

मग सुरू झाली निवड. तिने मोठा तक्ता केला. अमेरिकेतल्या तिच्या मावसभावाने, हृषिकेशने, ओहायोहून लांबलचक सल्ला पाठवला: खारींसाठी बारीक रायफल उत्तम, झाडाला पाठ लावून गप्प बसायचं, खार स्वतःहून समोर येते. वसुधाने हे बॉयर्लेंना सांगितलं. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने शेजाऱ्याचं मांजर मारायची परवानगी मागितली होती.

"खारीला इथे संरक्षण आहे," ते म्हणाले. "खारीला अक्रोड दे. आल्झो, तर मग आपण सशांचं बोलू."

सशांसाठी तीन वाटा होत्या. एक, जिवंत पकडायचा पिंजरा. पण तो रोज सकाळ-संध्याकाळ तपासावा लागतो आणि ऑफिस सांभाळून ते जमणं कठीण. दुसरी, बिळांच्या सगळ्या तोंडांवर जाळ्या अंथरून आत फेरेट सोडायचं. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबुळका पाळीव प्राणी. तो आत शिरला की ससे जीव घेऊन बाहेर पळतात आणि जाळीत अडकतात. मग त्यांना हातात धरून, हातानेच मारायचं. तिसरी वाट बंदुकीची. वसुधाने जाळ्यांना सगळ्यात कमी गुण दिले आणि कारण लिहिलं, 'वेळखाऊ'. खरं कारण वेगळं होतं. बंदुकीत आपल्यात आणि सशात तीस पावलांचं अंतर राहतं, आणि ते तिला हवं होतं. मटण ती चवीने खायची. पण मान मुरगळणं ही तिला आपल्या हातांची गोष्ट वाटत नव्हती.

बंदुकीतही घोडं अडलंच. बारा बोअर की वीस बोअर, नळ्या शेजारी शेजारी की एकावर एक, छर्रे किती मिलिमीटरचे. शेवटी बॉयर्ले तिला दुकानात घेऊन गेले आणि तो तक्ता गाडीतच ठेवायला लावला.

"डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड. काय दिसतं?"

"डावी बाजू जास्त दिसते."

"ठेव खाली. ती तुझी नाही."

नवव्या बंदुकीला डोळे उघडल्यावर तिला नळ्यांवरची पट्टी सरळ समोर गेलेली दिसली. जुनी, वीस बोअरची, हलकी दुनळी. छर्रे पावणेतीन मिलिमीटरचे, आणि तीस पावलांपलीकडे बार टाकायचा नाही, हे बॉयर्लेंनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. परतताना गाडीत ते म्हणाले, "एक नोव्हेंबरला तुझ्या बेगेहुंग्सशाइनवर सही करतो. ससे आणि कबुतरं तू बघ."

बेगेहुंग्सशाइन म्हणजे त्यांच्या शिवारात शिकार करायची लेखी परवानगी. ती नसेल तर परवाना नुसता पाकिटात आणि बंदूक नुसती कपाटात. त्या कागदासाठी श्टुटगार्टचे दोन डॉक्टर आणि एक वकील चार वर्षं बॉयर्लेंच्या मागे लागले होते, आणि म्हाताऱ्याने निवडलं कुणाला, तर वसुधाला. बारा वर्षं या देशात राहून कुणीतरी तिच्यावर काहीतरी सोपवत होतं. आनंदाच्या भरात तिला त्या रात्री झोपच आली नाही.

बंदुकीचं लोखंडी कपाट सामानाच्या खोलीत बसलं. त्याला आकड्यांचं कुलूप होतं. बसवणारा माणूस गेल्यावर वसुधाने आकडा ठरवला आणि जेवताना श्रीरंगला सांगून टाकला. लग्नाचीच तारीख होती. कोर्समध्ये हा प्रश्न आला होता: कपाटाचा आकडा कुणाला माहीत असावा? तिने 'फक्त परवानाधारकाला' या चौकटीत खूण केली होती आणि गुण मिळवले होते. पण ते झालं परीक्षेत. घरात बँकेचा, फोनचा, मेलचा, सगळ्यांचे पासवर्ड दोघांचे होते. एखादा न सांगणं म्हणजे माणूस काहीतरी लपवतोय, असं तिच्या आईकडेही होतं आणि सासरीही. परकं कुणाला सांगितलं नाही ना, मग झालं.

यंदा दसरा आला गुरुवारी. शुक्रवारी सरकारी सुट्टी होती, म्हणून मित्रमंडळींचा दसराही शुक्रवारी ठरला. इकडे आपले सण सुट्टी बघून येतात. सकाळी वसुधा झेंडूसाठी गावाबाहेरच्या फुलांच्या शेतात गेली. तिथे आपणच फुलं कापायची आणि डब्यात पैसे टाकायचे. ती तासाभराने परत आली तेव्हा तीन कुटुंबं जमली होती, पोरं सोफ्यावर उड्या मारत होती, आणि चौरंगावर लॅपटॉप, ड्रिल मशीन, गाडीची किल्ली यांच्या मधोमध हळदकुंकू लावलेली तिची दुनळी होती.

"सरप्राइज!" श्रीरंग म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "इतकी वर्षं पाने आणि स्क्रूड्रायव्हर पुजले गं. यंदा घरात खरं शस्त्र! मस्त फोटो आलाय. फॅमिली ग्रुपवर टाकला, बॉयर्लेंनापण पाठवला. हॅपी दसरा लिहून."

वसुधाने फुलांची पिशवी कुणाच्या तरी हातात कोंबली, बंदूक उचलली, नळ्या रिकाम्या आहेत हे दोनदा पाहिलं आणि ती कपाटात ठेवून आली. मग हसून सगळ्यांना सोनं दिलं. कुणालाच काही कळलं नाही. श्रीरंगला कळलं, पण काय ते पाहुणे गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बॉयर्ले आले. फोन न करता जर्मन माणूस दारात उभा राहिला, तेव्हाच तिने ओळखलं. ते गुडघे सांभाळत जेवणाच्या टेबलाशी बसले. वसुधाने कॉफी ठेवली. श्रीरंगने पुढे केलेल्या करंजीकडे त्यांनी पाहिलंही नाही. खिशातून फोन काढून त्यांनी तो फोटो टेबलावर ठेवला.

"कपाट कुणी उघडलं?"

श्रीरंग जागच्या जागी आखडला आणि मराठीत पुटपुटला, "तूच काढलीस म्हण ना. तुझी वस्तू आहे, तू काढलीस, विषय संपला. ते काय बघायला आले होते?"

खरंच, एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. परवानाधारकाने आपल्या घरात आपली रिकामी बंदूक बाहेर काढली. मूर्खपणा झाला, गुन्हा नाही. वसुधाच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. समोर म्हातारा कॉफीला हात न लावता थांबला होता. याच माणसाने तिला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला शिकवलं होतं, आणि आता त्यालाच हातोहात फसवायचं, याची तिला लाज वाटली.

"माझ्या नवऱ्याने," ती म्हणाली. "मी घरी नव्हते. आकडा त्याला माहीत होता. मीच सांगितला होता."

श्रीरंगने डोळे मिटून घेतले.

बॉयर्लेंनी मान हलवली. "गेनाऊ, बरोबर. हे मला कालच कळलं."

"कसं?"

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "बंदूक बंद आहे. तू कुठलीही बंदूक खाली ठेवतेस तेव्हा मोडून ठेवतेस, नळ्या उघड्या, कुणालाही आरपार दिसेल अशा. दुकानात नऊ बंदुका हाताळल्यास, एकदाही चुकली नाहीस. ही तू ठेवलेली नाही. आज तू 'मीच ठेवली' म्हणाली असतीस, तर मी कॉफी पिऊन गेलो असतो आणि पुन्हा तुझ्याशी बोललो नसतो."

श्रीरंग घसा खाकरून जर्मनमध्ये म्हणाला, "हेर बॉयर्ले, चूक माझी आहे. आमच्याकडे ही पूजा असते. मान द्यायचा म्हणून..."

"मान दिलात, ते दिसलं. रंग छान होते. खोलीत पोरं किती होती?"

"पाच," श्रीरंग म्हणाला, आणि आकडा तोंडातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा त्याचा चेहरा खरोखर उतरला.

बॉयर्ले वसुधाकडे वळले. "या हंगामात माझ्या शिवारात तुझी बंदूक नाही. बंदुकीच्या कागदाचं पुढच्या वर्षी बघू. यंदा माझ्याबरोबर फेरेट आणि जाळ्या. नोव्हेंबरचा पहिला शनिवार, सकाळी सात. जाड हातमोजे आण. आणि आकडा बदल, आजच."

त्यांनी मग कॉफी प्यायली, करंजीही खाल्ली, आणि गेले.

वसुधा टेबलाशी बसून राहिली. तिला रडू येत होतं. कागद वर्षभर लांबला, त्याचं दुःख होतंच. पण तीस पावलांचं अंतर गेलं होतं. आता जाळीतून ससा काढायचा, त्याची धडधड हाताला लागणार, आणि तरीही करायचं. किंवा मग झाडं सोडून द्यायची, आणि मटण मात्र दुसऱ्याने मारलेलं खात राहायचं. तिने डोळे पुसले आणि ती सामानाच्या खोलीत गेली. श्रीरंग सवयीने मागोमाग आला.

"तू बाल्कनीत जा," ती म्हणाली.

"मी तोंड फिरवतो ना."

"बाल्कनीत जा, श्रीरंग."

तो गेला आणि त्याने मागे दार ओढून घेतलं. बाहेर आठ डिग्री होतं आणि अंगात नुसता टी-शर्ट. वसुधाने सहा आकडे दाबले, पुन्हा दाबून पक्के केले. चौदा वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून लपवलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि ती चोरी केल्यासारखी घाबरली होती.

दार उघडल्यावर तो आत आला, हात चोळत. आकडा त्याने विचारला नाही. म्हणाला, "हाताने मारायचं... जमेल तुला?"

"माहीत नाही."

"मी येऊ? जाळ्या धरायला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. थंडीने त्याचं नाक लाल झालं होतं.

"ये," ती म्हणाली. "पण मी सांगितल्याशिवाय कशाला हात लावू नकोस."